म्हणे हार्टची गोळी हाडातलं कॅल्शियम खाते!

गेले काही दिवस एक मेसेज फिरून राहिला आहे, लाल अक्षरांत, खाली ‘जनहितार्थ’. म्हणणं असं की हार्टच्या गोळ्या कॅल्शियम ब्लॉक करून हाडं ठिसूळ करतात, ठोक्यांच्या गोळ्यांनी माणसं मरतात हे अमेरिकेनंच सिद्ध केलंय, वरून संत्रं खाल्लं तर विष, तेव्हा सगळ्या गोळ्या बंद करा आणि नैसर्गिक काढा न् नारळपाणी घ्या. नागपुरात प्रतापनगरच्या आमच्या आत्यानं हे वाचून कोणाला न सांगता डिल्टियाझेम, म्हणजे तिची ठोके आवरायची गोळी, सोडली. तिला एट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे ठोके बेताल पडतात. फोनवर म्हणते, "धडधड होऊन राहिली रे, उन्हानं असंन." ऊन कुठलं, ईसीजी काढला तर ठोके दीडशेच्या घरात. नशीब, रक्त पातळ करायची गोळी तरी चालू ठेवली होती.

आधी कॅल्शियम, कारण बावळटपणाची हद्द तिथेच आहे. बावा, ही गोळी हाडातलं कॅल्शियम काढत नाही आणि दुधातलं अडवत नाही. हृदयाच्या पेशींच्या आवरणात प्रथिनांची बारीक दारं असतात, सोडियमची वेगळी, पोटॅशियमची वेगळी, कॅल्शियमची वेगळी, ती ठरल्या क्रमानं उघडतात-मिटतात तेव्हा कुठे एक ठोका पडतो. वरच्या न् खालच्या कप्प्यांच्या मधे एव्ही नोड नावाची छोटी चौकी आहे, तिथून सिग्नल खाली जातो तो मुख्यतः कॅल्शियमच्या दारांच्या जोरावर. आत्याच्या आजारात वरचे कप्पे मिनिटाला साडेतीनशेच्या वर थरथरतात, नोड त्यातलं थोडंच खाली सोडतो. डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल त्यातली काही दारं अडवते म्हणून नोड आणखी सावकाश सोडतो, खालचे ठोके आवरतात. गोळी सुटली, आवर सुटला. बीपीची ॲम्लोडिपिन त्याच गटातली, पण तिचं काम मुख्यतः रक्तवाहिन्यांवर, नोडशी तिचं फारसं देणंघेणं नाही. मेसेजवाल्याला हा फरक ठाऊकच नाही.

‘अमेरिकेनं सिद्ध केलं’ यात अर्धं खरं आहे, नाईलाजानं कबूल करतो. कास्ट नावाची ट्रायल होती, १९९१ ला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. हार्ट अटॅक येऊन गेलेले, मधूनच जास्तीचे ठोके पडणारे पेशंट, त्यांना सोडियमची दारं अडवणाऱ्या एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड दिल्या. आधी तपासलं तेव्हा जास्तीचे ठोके छान दबले होते, आणि तरी माणसं जास्त मेली: गोळीवाल्या ७५५ पैकी ६३, नकली गोळीवाल्या ७४३ पैकी २६. भयंकरच आहे हे. पण शोधलं डॉक्टरांनीच ना, आणि म्हणूनच अटॅक आलेल्याला फ्लेकेनाइड टाळतात. बाकी हृदय धड असेल तर फिब्रिलेशनसाठी ती आजही देतात. यावरून डिल्टियाझेम बंद करा म्हणणं म्हणजे वर्धा रोडवर ट्रक उलटला म्हणून बर्डीत सायकली जप्त करणं.

नैसर्गिक म्हणता? क्विनिडीन ही ठोक्यांची जुनी गोळी सिंकोनाच्या सालीतलीच, आणि तिच्यानंही ठोके बिघडून लोक दगावलेत. बचनाग ही विषारी मुळी तर सोडियमची दारं मिटूच देत नाही, त्यानं बिघडलेले ठोके कधीकधी शॉक देऊनही आवरत नाहीत. त्या काढ्यात काय काय आहे हे मेसेजमध्ये एका शब्दानं लिहिलेलं नाही, तरी लोक उकळून राहिले.

संत्र्याचं काय घेऊन बसलात, भानगड ग्रेपफ्रूटची आणि पपनसाची आहे, त्यानं हार्टची काही औषधं रक्तात जास्त चढतात. आपलं नागपुरी संत्रं मँडरिन जातीचं, खा निवांत. नारळपाण्यात मात्र पोटॅशियम भरपूर. किडनी कमजोर असेल किंवा स्पायरोनोलॅक्टोन (शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारी गोळी) चालू असेल तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारा, फार चढलेलं पोटॅशियम हृदय थांबवू शकतं.

आणि जनहितच करायचं होतं ना, तर हे लिहायचं होतं: अमिओडेरॉन किंवा सोटॅलॉल या ठोक्यांच्या गोळ्या चालू असलेल्यानं घसा धरला म्हणून मेडिकलमधून स्वतःच्या मनानं अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आणू नये, ठोक्यांची ती गोळी आणि हे, दोन्हींनी क्यूटी (प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा, ईसीजीवर मोजतात तो वेळ) लांबतो आणि ठोके जीवघेणे बिघडू शकतात. काउंटरवर आधीची चिठ्ठी दाखवा, मग गोळी मागा.