एक मिली गोडंतेल

"शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का तुम्हाला?" डॉक्टर मॅडमनी विचारलं, आणि एवढ्या गंभीर भेटीत मला हसू फुटलं. आमच्या औसा तालुक्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं लेकरू जन्माला येऊ शकतं, पण उष्टावणाच्या पुढं काही टिकायचं नाही. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, उपासाला कूट, उपास सुटला की भाकरीवर शेंगाची चटणी आणि चटणीवर परत तेल.

"नाही," मी म्हणालो.

"मग हरकत नाही. हे इंजेक्शन शेंगदाण्याच्या तेलातलं आहे."

खुलासा करून टाकतो. जन्माच्या दाखल्यावर मी मुलगी आहे. दाखला सोडला तर बाकी कुठंच नाही. ज्या टेस्टोस्टेरॉनची, म्हणजे पुरुषी हार्मोनची, मी कळायला लागल्यापासून वाट बघत होतो, ते काहीतरी निळसर, धूर निघणारं, काचेच्या नळीतलं असणार अशी माझी समजूत होती. निघालं गोडंतेल. मॅडमनी समजावलं की हे औषध पाण्यात विरघळत नाही म्हणून तेलात घालतात. तेल स्नायूत ठाण मांडून बसतं आणि औषध सावकाश रक्तात सोडत राहतं. प्रकार बदलला की तेल बदलतं: कुठं तीळ, कुठं सरकी, कुठं एरंडी. ऐकताना मला लातूरच्या अडत बाजारात उभं असल्यासारखं वाटायला लागलं. घरी आईला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "करडईचं मिळत नाही का?"

मॅडमबद्दल एकच सांगतो. पहिल्या भेटीत केसपेपर पुढं ओढून त्यांनी विचारलं होतं, "तुम्हाला काय म्हणून हाक मारू?" सत्तावीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं उत्तराची तयारी नव्हती. बाहेर वीस पेशंट खोळंबलेले, आणि बाई पेन हातात धरून शांत बसल्या होत्या. मग मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि मग एक दिवस त्यांनी बसवून सांगितलं, "आवाज एकदा उतरला की औषध थांबवलं तरी परत चढत नाही. दाढीमिशीचंही तसंच. घरी जा, दोन रात्री नीट झोपा, मग या." मी दोन्ही रात्री टक्क जागा होतो. तिसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं हजर.

घरी हे सगळं सांगून तेव्हा दोन वर्षं उलटली होती. रडारड, अबोला, मावशीकडं रवानगी, सगळं यथासांग पार पडलं होतं. त्यावर लिहिण्यात मजा नाही. मजा होती ती व्याकरणात. मराठीत माणूस जेवल्यावाचून दोन दिवस काढेल, पण लिंगावाचून त्याला दारातून आतसुद्धा येता येत नाही. आला म्हणा नाही तर आली म्हणा. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांनी ट्रान्सजेंडर माणसांबद्दलचा २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मिळवून वाचला. आपण कोण ते माणसानं स्वतः सांगायचं, हे त्यांना पटलंसुद्धा. पण क्रियापदाचं काय करायचं, ते कोर्टानं सांगितलेलं नव्हतं. मग त्यांनी माझ्यापुरतं क्रियापदच बंद केलं. "जेवण झालं का?" "झोप लागली का?" "लातूरला जाणं कधी?" एकदा मी रात्री उशिरा आलो तर दारात उभं राहून म्हणाले, "येणं झालं वाटतं." सरकारी कागद बोलावा तसं.

आजीनं, जिनं शाळेचं तोंड बघितलं नाही, तिनं हा घोळ पहिल्याच दिवशी निकालात काढला होता. "लेकरू आलं. लेकरू जेवलं. लेकरू रुसून बसलंय." अण्णांना ही युक्ती सुचली नव्हती असं नाही, पण या तिसऱ्या लिंगाला व्याकरणात जे नाव आहे ते त्यांना पाठ होतं, आणि ते घरात आठवायचीसुद्धा सोय नव्हती.

इंजेक्शन घरीच घ्यायचं ठरलं, कारण गावातल्या दवाखान्यात टोचून घेतलं असतं तर औषध रक्तात पोचायच्या आधी बातमी बसस्टँडवर पोचली असती. मॅडम म्हणाल्या, "शिकवते की." आणि पुढ्यात दोन सुया ठेवल्या. एक जाड, १८ नंबरची, तिनं औषध ओढून घ्यायचं, कारण तेल घट्ट. दुसरी बारीक, २३ नंबरची, तिनं टोचायचं. सुयांचे रंग नंबरानुसार ठरलेले असतात. १८ नंबर गुलाबी, २३ नंबर निळी. म्हणजे भरायचं गुलाबीनं, मग गुलाबी काढून टाकायची आणि निळी लावायची. मी मॅडमकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "हो, माझ्याही ध्यानात आलंय."

औषध आणायला मी शनिवारी निघालो, तर आजी उंबऱ्यात आडवी. "शनिवारी तेल इकत आनत नसत्यात!" हे तेल वेगळं आहे, औषधाचं आहे, असं सांगून बघितलं. तेल ते तेल. शेवटी सोमवारी गेलो. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी बघितली, माझे दंड बघितले, परत चिठ्ठी बघितली आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "कोणती जिम?" मी एका जिमचं नाव ठोकून दिलं. त्यानं प्रोटीनचा डबाही गळ्यात मारायचा प्रयत्न केला, आणि ती जिम कशी बेकार आहे ते दहा मिनिटं सांगितलं.

आता सराव. संत्र्यावर करा, म्हणाल्या होत्या मॅडम. घरात जालन्याच्या मोसंब्या होत्या. साल थोडी जाड, पण माझी मांडी काय कमी आहे? तीन दिवस मी साधं पाणी भरून मोसंब्यांना टोचत होतो. डझनभर झाल्या. चौथ्या दिवशी टोपली रिकामी दिसली. धाकटा भाऊ ढेकर देत म्हणाला, "यंदाची मोसंबी लई रसाळ हाय."

जानेवारी २०२५ मधला रविवार उजाडला. मला वाटलं होतं, खोलीचं दार लावून एकट्यानं उरकून टाकू. पण आमच्या घराला दारं आहेत ती फक्त मांजरासाठी. सकाळी नऊला पलंगाभोवती आई, आजी, धाकटा, दाराशी वर्तमानपत्र उलटं धरलेले अण्णा, आणि आमंत्रण नसताना आलेले काका. काका जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. अख्खी हयात देवणी आणि लाल कंधारी गुरं टोचण्यात गेलेली.

"किती मिली?"

"अर्धाच. सुरुवात आहे म्हणून."

"अर्धा!" काकांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "आन त्याला एवढी पंचायत?" मग जरा पुढं सरकून, "हाय कशाचं हे?"

मी वाचलेलं सांगितलं. टेस्टोस्टेरॉन पहिल्यांदा वेगळं काढलं ते १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅमला, वळूच्या वृषणापासून. काकांचा चेहरा उजळला. "मंग हे आमच्याच खात्यातलं की!"

"आता वळू लागत नाही. सोयाबीनसारख्या झाडांपासून कच्चा माल काढून करतात."

वर्तमानपत्र खाली आलं. "सोयाबीन?" अण्णांनी विचारलं. ओसरीवर चाळीस कट्टे पडून होते. हमीभाव तेव्हा क्विंटलला ४,८९२, आणि बाजारात त्याच्या बराच खाली. अण्णांनी माझ्या हातातल्या नखाएवढ्या काचेच्या अँप्यूलकडं बघितलं, ओसरीकडं बघितलं. "मग हे एवढं महाग कसं, अन् ते एवढं स्वस्त कसं?" याचं उत्तर मॅडमनाही देता आलं नसतं.

हात साबणानं वीस सेकंद धुवा, अशी सूचना होती. मी नळ सोडून धुवायला लागलो तर सहाव्या सेकंदाला आईनं नळ बंद केला. "२०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलतं, ध्यानात हाय का?" उरलेले चौदा सेकंद तिनं तांब्यानं धार धरून मोजून काढले.

थंडीनं तेल काकवीसारखं झालेलं. अँप्यूल मुठीत धरून ऊब दिली. मानेवर कापूस गुंडाळून कट्‌ केलं, फुटली बरोबर. गुलाबी सुईनं तेल ओढायला घेतलं. ते इतकं रमतगमत वर येत होतं की आजीनं मध्येच चहा टाकायला सांगितला. बुडबुडे वर घालवले, गुलाबी काढली, निळी लावली. गुडघ्यावर एक वीत, कमरेखाली एक वीत सोडून मधली बाहेरची बाजू, ही जागा. आजीला बोटानं दाखवली तर तिनं दृष्ट लागू नये म्हणून नेमकी तिथं काजळाची तीट लावली. स्पिरिटच्या बोळ्यानं ती पुसण्यात पाच मिनिटं गेली.

धाकट्यानं मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. "छान. आता सुई सरळ, झटक्यात. मनात तीन मोजा आणि—" इथं नेटवर्क गेलं. पडद्यावर मॅडम अर्धे मिटलेले डोळे आणि उघडं तोंड घेऊन थिजल्या.

मी तीन मोजले. हात हवेत. परत मोजले. आता सगळेच मोजायला लागले. लंगडीचा डाव असावा तसा "एक... दोन... तीन!" आणि माझा हात जिथल्या तिथं. शत्रूला मी भोसकू शकलो असतो कदाचित. पण मांडी माझी, हात माझा, आणि सुई दिसताना एक इंच, वाटताना वखराची पास. काका म्हणाले, "दोन पाय बांधायचे का?" त्यांना मदतच करायची होती.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. "माय, चहा!" आई पळाली, आजी वळली, काकांनी मान फिरवली, अण्णाही उठले. त्या अर्ध्या मिनिटात माझ्याकडं कुणी बघत नव्हतं. सुई आत गेली. कळलंच नाही. गेलेली दिसली तेव्हा मग दुखलं. दट्ट्या हळूहळू दाबत राहिलो. तेल यायला जेवढं आळशी, तेवढंच जायला. सुई काढली, बोळा दाबला. तिळाएवढा रक्ताचा ठिपका.

सगळे परत आले तेव्हा कार्यक्रम संपला होता. आजीचं तोंड एवढंसं झालं. "कधी केलं? सांगायचं तरी!" काका म्हणाले, "परत एकदा करून दाखवता येतंय का?" त्याच क्षणी मॅडम जिवंत झाल्या, "—टोचा. घाबरू नका."

पेच उरला तो अँप्यूलमधल्या अर्ध्या मिलीचा. उघडलेली अँप्यूल ठेवायची नाही, टाकून द्यायची, असं सांगितल्यावर आजी हादरली. "तेल हाय ते! टाकत असत्यात का?" मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पुढं केला. "माज्या गुडघ्याला चोळ. दोन वर्सं दुखूलालाय."

"आजी, मिशा येतील गुडघ्याला."

तिनं जरा विचार केला. "येऊ दे की. झाकूनच ऱ्हातोय." अँप्यूल तिच्या हातातून सोडवायला काकांना मध्ये पडावं लागलं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या झाकणबंद बरणीत जमा करून मॅडमच्या दवाखान्यात द्यायच्या. आईनं ती बरणी लोणच्याशेजारी ठेवलीय, आणि वर अण्णांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: "हात लावणे नाही." तिथंही धातुसाधित नाम.

दुसऱ्या दिवशी लंगडत होतो. मग पुढचे काही महिने पुटकुळ्या, घाम आणि भूक. चार भाकरीनंतर आई परात झाकून ठेवायला लागली. तीन महिन्यांनी रक्त तपासलं. शाळेत दर सोमवारी लोहाची गोळी गिळूनही माझं हिमोग्लोबिन ९ च्या पुढं कधी सरकलं नव्हतं, ते आता १४ च्या वर. आईला पेढे वाटायचे होते. मॅडम म्हणाल्या, पेढे राहू द्या, या औषधानं रक्त दाट होतं, लक्ष ठेवावं लागतं. हिमॅटोक्रिट नावाचा एक आकडा असतो, रक्तात लाल पेशी किती टक्के ते सांगणारा, तो ५४ च्या वर गेला तर डोस कमी करावा लागेल. गाडीत बसल्यावर आई म्हणाली, "जल्मभर वाढंना म्हणून पैसे घातले, आता वाढू नये म्हणून घालायचे."

आवाज जूनमध्ये गेला. गेला म्हणजे कधी विहिरीत, कधी झाडावर. एका वाक्यात दोन माणसं बोलायची. अशातच अण्णांनी फोन हातात दिला. पेरणी तोंडावर आलेली, बियाण्याला पैसा हवा, अडत्याला विचार म्हणाले. मी "हॅलो" म्हणालो आणि नेमकं ते विहिरीतून आलं.

"हां, बोला भाऊ," पलीकडून आवाज आला.

मी फोन कट केला.

"काय म्हणाला?" अण्णांनी विचारलं.

"भाऊ म्हणाला."

"ते नाही. भाव काय म्हणाला?"

"भाऊच म्हणाला, अण्णा."

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि सबंध ओसरीला ऐकू जाईल असे खेकसले, "चाळीस कट्टे घरात सडायलेत, अन् तू भाव विचारायचाच विसरलास?"

"विसरलो," मी म्हणालो. अर्धं विहिरीतून, अर्धं झाडावरून.