बदकाला टाळ्या किती?

दादाच्या लेकीला नाशिकला सीनियर केजीत वर्कशीट आलं: शब्द म्हणा, टाळ्या वाजवा, आकडा लिहा. ‘बदक’पुढे तिने २ लिहिले. बाईंनी लाल फुली मारून ३ केले. त्यावरून घरच्या ग्रुपवर दोन दिवस वाद चाललाय. काका म्हणतात, अक्षरं तीन तर टाळ्या तीन. वहिनी म्हणते, टाळ्या पिटायला फी भरतो का, बाराखडी घोटून घ्या.

मला दोघांचाही राग आला. पोरीचं बरोबर होतं! मोठ्याने म्हणून बघा: ब-दक. शेवटच्या क मधला अ बोलताना आपण सोडूनच देतो. करवत लिहायला चार अक्षरं, तोंडात दोनच झोके: कर-वत. पाच वर्षांच्या मुलीने कानाने अचूक टिपलेलं बाईंनी पाटीवरची अक्षरं मोजून खोडलं.

इथे जर्मनीत, स्टुटगार्टला, माझी मुलगी किटात, म्हणजे बालवाडीत, होती तेव्हापासून टाळ्या वाजवते. मॉर्गनक्राइसमध्ये, म्हणजे सकाळी सगळे गोल करून बसतात तेव्हा, आधी स्वतःचं नाव, मग बा-ना-ने. पहिलीत शब्दाखाली कमानी आल्या. एका झोक्याला एक कमान आणि प्रत्येक कमानीत एक राजा, म्हणजे स्वर, हवाच. कमानीत राजा नसला की मूल शब्द पुन्हा म्हणतं आणि गाळलेलं अक्षर भरतं. सूर्याला ‘झोन-ने’ (Sonne) म्हटलं की दोन एन का, तेही कळतं: एक या कमानीतला, एक त्या. याला फॅड कसं म्हणायचं? हे शुद्धलेखनच आहे.

आणि आपल्याला मोजणं नवं आहे का? अभंगाचे चरण सहा, सहा, सहा, चार असे अक्षरं मोजूनच बांधलेले असतात. अभंग म्हणताना आपण प्रत्येक अक्षराला पुरता अ देतो. काकांचे तीन तिथे खरे आहेत, ओट्यापाशी बोलताना नाहीत.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. इथेही माणसं ‘लाउफन’ (laufen, धावणं) म्हणताना शेवटचा ए गिळतात, आणि शाळा मुलांना सावकाश, सुटं ‘लाउ-फेन’ म्हणायला लावते. म्हणजे नाशिकच्या बाई अगदीच वेगळं काही करत नव्हत्या. हे माहीत असून मी गप्प राहिले, कारण मला कान जिंकायला हवा होता. माझ्या मुलीपाशी मराठीचा फक्त कान आहे. ती दुसरीत गेली, आजीशी फोनवर घडाघडा बोलते आणि आजीने पाठवलेलं वाढदिवसाचं पत्र मला वाचायला आणून देते. सात वर्षांत मी तिला एक अक्षर शिकवलं नाही. वेळ नाही म्हणत राहिले.

या रविवारी बसलो. ब, द, क. हात धरून गिरवले, मग तिने एकटीने लिहिले. मी काही सांगायच्या आत खाली कमानी काढल्या: ब ला एक, दक ला एक.