समोरच्याचा विमा नाही, म्हणून काय झालं?

‘समोरच्या गाडीचा विमा नसेल तर पोलीस-कोर्ट काही करू नका, छदामही मिळत नाही. जागेवर मिळतील ते घ्या आणि सुटा. जखमी असाल तर सरकार दोन लाख देतंच.’ आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. खाली सही ‘एक वकील मित्र’. हे मित्र कुठल्या कोर्टात जातात देव जाणे.

‘छदामही मिळत नाही.’ विमा कंपनी पैसे भरते ती मालकाच्या वतीने. कंपनी नसली तरी मालक कुठे जातो? मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालक आणि मालक दोघांवर दावा लावता येतो, तोही तुम्ही राहता त्या भागातल्या. मृत्यू झाला असेल तर ५ लाख आणि गंभीर दुखापत असेल तर अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली मागता येतात. ‘गाडी मी कधीच विकली, नावावर करायची राहिली’ हे रडगाणंही चालत नाही. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तो मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलंय.

‘पोलिसांत जाऊ नका.’ यामागचा युक्तिवाद असा की निकाल लागला तरी फाटक्या माणसाकडून वसूल काय करणार? यात तथ्य आहे, वर्षं जातात. पण न्यायाधिकरणाच्या दाखल्यावरून कलेक्टर ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. गावाकडे शेती असलेल्या टेम्पोमालकाला याचा अर्थ बरोबर कळतो. शिवाय पोलिसांनी ताब्यात घेतलेली बिनविम्याची गाडी पुरेसं तारण दिल्याशिवाय सोडायची नाही, असा नियम आहे. तीन महिन्यांत तारण आलं नाही तर लिलाव, आणि पैसे न्यायाधिकरणात जमा. म्हणजे तुमच्या वसुलीचं पहिलं साधन ती गाडीच, आणि पोलिसांत गेलाच नाहीत तर ती त्याच संध्याकाळी भाडं मारायला निघून जाते.

‘जागेवर घ्या आणि सुटा.’ बंपरला ओरखडा असेल तर मीही दोन हजार घेऊन निघेन. पण माझ्या मेहुण्याला खेड शिवापूरच्या अलीकडे एका पिकअपने मागून ठोकलं. टपरीवर चहा झाला, कोणीतरी वहीचं पान फाडलं, ‘आठ हजार मिळाले, माझी काहीही तक्रार नाही’ असं लिहून खाली सही. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याने डिकीखालचं मॅट उचलून दाखवलं, पत्रा आत मुडपला होता. एस्टिमेट ४१ हजार. पॉलिसी फुल होती, म्हणजे स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारी, म्हणून त्याने स्वतःच्या कंपनीकडे क्लेम टाकला. नुकसान तपासायला आलेल्या कंपनीच्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न: समोरच्याला काही लिहून दिलंय का? कारण तुम्हाला पैसे दिल्यावर ते समोरच्याकडून वसूल करायचा हक्क कंपनीचा असतो, आणि तो मेहुण्याने चहाच्या टेबलावर सोडून दिला होता. दीड महिना पत्रव्यवहार झाला, आठ हजार वजा झाले. आणि हा नुसता पत्रा होता. मान धरते ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी सकाळी.

‘सरकार दोन लाख देतं.’ ते ठोकून पळालेल्या आणि न सापडलेल्या गाडीसाठी: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार. समोरचा तुमच्यासमोर उभा असताना ही योजना लागूच होत नाही. मे २०२५ पासूनची कॅशलेस उपचार योजना मात्र विमा असो-नसो लागू आहे. नेमलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखाच्या मर्यादेत.

तेव्हा गाड्या बाजूला घेण्याआधी नंबर प्लेटसकट फोटो काढा. एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकला की विम्याची तारीख दिसते, ‘आहे हो, घरी राहिलाय’ यावर जाऊ नका. ११२ ला फोन, त्याच दिवशी स्वतःच्या विमा कंपनीला कळवणं, आणि दावा सहा महिन्यांच्या आत. सही मात्र कशावरच नको.