पुराच्या चिखलात बसून दुष्काळाचा ताळेबंद

काल रात्री पावणेबाराला आमच्या कंपनीचा 2024-25 चा ताळेबंद एकदाचा सरकारच्या कंपनी खात्याच्या पोर्टलवर चढला. तारीख 29 जानेवारी 2026, आणि 31 ला मुदत संपणार होती. माझ्या डीएससीची, म्हणजे डिजिटल सहीची, मुदत संपलेली, म्हणून बायकोची वापरायची होती, आणि ती बिचारी दिवसभर राबून खुर्चीतच झोपलेली, तिला उठवलं, टोकन लॅपटॉपला लावलं, पासवर्ड टाकला की फिरतंय, फिरतंय, फिरतंय आन् सेशन संपलं. चौथ्यांदा. पाचव्यांदा झालं. लोकं म्हणतील मग झालं की, आता कशाला चिडतो. पण आज सकाळी जो फोन आला ना त्यानं डोकं असं फिरलंय की लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

आमची कंपनी म्हणजे काय तर गेवराई तालुक्यात गोदाकाठी सात एकर रान, त्यात पोहायचे दोन पूल, तीन स्लाइड, पोरांसाठी रेनडान्स, आठ खोल्या, हिवाळ्यात हुरडा. बीड, जालना, संभाजीनगरच्या शाळांच्या सहली येतात. चौदा माणसं कामाला. डायरेक्टर मी आणि बायको, तिसरा शेअरवाला माझा लहाना भाऊ. भांडवल 10 लाख. एवढंच. 2018 ला बँकेतले साहेब म्हणले प्रायव्हेट लिमिटेड करा, कर्ज लवकर होतं, म्हणून केली. एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, केली असती तर 40 लाखाच्या आत उलाढाल असताना ऑडिट बी लागलं नसतं, हे कोणी सांगितलं नाही. कंपनी म्हणलं की उलाढाल शून्य असली तरी ऑडिट, वर्षाला एजीएम म्हणजे शेअरवाल्यांची वार्षिक सभा, एजीएमनंतर 30 दिवसांत एओसी-4 हा ताळेबंदाचा फॉर्म, 60 दिवसांत एमजीटी-7ए हे वार्षिक विवरण, जूनमध्ये कर्ज-ठेवींचा डीपीटी-3, आयकर वेगळा, जीएसटी वेगळा.

आणि चुकलं तर एका फॉर्मला दिवसाला 100 रुपये. ह्याला वरची मर्यादाच नाही. एक वर्षी अण्णा दवाखान्यात होते, मी चार महिने संभाजीनगर-गेवराई करत होतो, त्यात आमचा अकाउंटवाला पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला, फाइलिंग राहिलं. एओसी-4 210 दिवस लेट, एमजीटी-7ए 180 दिवस लेट. 21 हजार आणि 18 हजार, 39 हजार रुपये भरले. त्या फॉर्मची फी किती? 400 रुपये. मोठ्यातल्या मोठ्या कंपनीला पण दिवसाला 100 आणि आमच्यासारख्या तिकीट खिडकीवर 250 रुपयाची पावती फाडणाऱ्याला पण 100. त्या कंपनीला ते चहाचे पैसे आहेत, मला ते एका पोराचा तीन महिन्याचा पगार आहे. हा कुठला न्याय आहे मला कोणीतरी समजून सांगा. आणि सोडून द्यावं म्हणलं तर सलग तीन वर्षं नाही भरलं की डायरेक्टर 5 वर्षं अपात्र, 2017 ला असे लाखो डायरेक्टर एका फटक्यात बाद केले होते, तेव्हापासून धाकच बसलाय सगळ्यांना.

ज्यानं 31 मार्चला वर्ष संपतं असं ठरवलं त्यानं कधी उन्हाळ्यातला धंदा केला नसणार. आमचा सीझन मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पावसापर्यंत. 31 मार्चला रात्री नऊला गेट बंद करायचं आणि मग कॉस्च्युम मोजत बसायचं. मी आणि भाऊ, ओल्या फरशीवर, कॉस्च्युम 212, ट्यूबा 64 त्यातल्या 9 पंक्चर, पाण्याच्या बाटल्या अकरा बॉक्स, क्लोरीनचे डबे. यूपीआयचे शेवटच्या दिवसाचे पैसे 1 तारखेला खात्यात येणार, ते कुठल्या वर्षात धरायचे ह्यावरून दरवर्षी एक दिवस जातो. बरं हे मी करतो, करायलाच पाहिजे, स्टॉक मोजलाच पाहिजे. पण त्याच्यातून पुढं काय निघतं ते बघा. 2021 पासून नियम आलाय, ताळेबंदात 11 गुणोत्तरं द्यायची, आणि आधीच्या वर्षापेक्षा 25 टक्क्याच्या वर फरक पडला तर कारण लिहायचं. इन्व्हेंटरी टर्नओव्हर रेशो, म्हणजे वर्षात माल किती वेळा फिरला, अरे 64 ट्यूबांचं काय टर्नओव्हर काढायचं. काढलं.

नेट प्रॉफिट रेशो निम्म्यावर आला होता. कारण लिहा म्हणले. कारण मला विचारा ना मी सांगतो. 2023 चा पावसाळा कोरडा गेला, 2024 च्या एप्रिलपासून आमच्या दोन्ही बोअरला घरघर लागली, मोठा पूल मी स्वतःहून बंद ठेवला कारण गावातल्या बायका टँकरच्या मागं घागरी घेऊन पळत असताना आपण तिथं पोरं नाचवायची हे मलाच बघवत नव्हतं, लोकांनी शिव्या दिल्या त्या पण बरोबरच होत्या. लहान पुलाला 10 हजार लिटरचा टँकर, तो पण बाहेरच्या तालुक्यातून, भाव रोज वेगळा. शाळांनी सहली कॅन्सल केल्या, ॲडव्हान्स परत केले, एकाही माणसाला काढलं नाही. हे सगळं मी कागदावर लिहून दिलं, पाऊण पान. छापून काय आलं माहितीय? 'ऑपरेटिंग खर्चात वाढ झाल्यामुळे.' बस. चार शब्द. अख्खा उन्हाळा गेला आमचा त्याच्यात.

आता दाजींचं ऐका. त्या उन्हाळ्यात पगाराला पैसे नव्हते तर दाजींनी 4 लाख दिले, न मागता, कापसाचे पैसे आलेले होते ते सरळ कंपनीच्या खात्यात टाकले. ऑडिटला सीए साहेबांनी ती एंट्री बघितली आणि कपाळाला हात लावला. म्हणले हे डिपॉझिट धरतील, म्हणजे बाहेरच्या माणसाकडून घेतलेली ठेव, नियमात न बसणारी. मी म्हणलं साहेब माझे दाजी आहेत, सख्ख्या बहिणीचा नवरा. ते म्हणले कायद्यात नातेवाइकांची यादी आहे, त्यात भाऊ आहे, बहीण आहे, मुलीचा नवरा आहे, बहिणीचा नवरा नाही. मी तीनदा विचारलं. नाही म्हणजे नाही. जावई नातेवाईक आणि दाजी परके! आपल्याकडं घरात काही बी झालं तर पहिला फोन दाजींला जातो. मग काय, ताईचं पॅन आहे की नाही हे बघत बसलो, दाजींचे 4 लाख परत केले, त्यांनी ते ताईच्या खात्यात टाकले, ताईनं परत कंपनीला दिले, वर ताईकडून लेखी घेतलं की हे पैसे मी कोणाकडून उसने घेऊन देत नाही. ताई सही करताना म्हणली, 'भाऊ, आपल्या पैशाला पण असं लिहून द्यावं लागतं का रे?' मला मान वर करता आली नाही तिच्यासमोर. दाजी काही बोलले नाहीत पण ते गप्प बसले तेच जास्त लागलं.

हे सगळं उरकून ताळेबंदाचा कच्चा मसुदा हातात आला 24 सप्टेंबर 2025 ला. ज्यांना मराठवाडा माहिती आहे त्यांना तारीख वाचूनच कळलं असेल. दोनच दिवस आधी, 22 ला, जीएसटीचे दर बदललेले, खोल्यांचा 12 चा 5 झाला पण इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, गेलं, तिकिटाचा 18 तसाच, बिलाचं सॉफ्टवेअर बदलायचं होतं. आणि वरून पाऊस. थांबतच नव्हता. मग जायकवाडीचे दरवाजे उघडले, 28 ला रात्रीपासून गोदावरी चढायला लागली. आम्ही खोल्यांतल्या गाद्या तेवढ्या वर काढल्या, बाकी काहीच नाही. सकाळी बघतो तर पूल कुठं आणि नदी कुठं कळंना. मोठ्या पुलाचा पंप, फिल्टर, पॅनल बोर्ड, सगळं पाण्याखाली. बिलाच्या फाइलींचं कपाट आडवं पडलेलं. शेजारच्यांची तर जनावरं गेली, उभी तूर, कापूस, सोयाबीन सगळं गेलं, त्यांच्यासमोर आपलं दुःख काय सांगायचं.

आणि 30 सप्टेंबर एजीएमची शेवटची तारीख.

सीए साहेबांला फोन केला, मी म्हणलं इथं माणसं पत्र्यावर बसलेत, पुढं ढकलता येत नाही का. त्यांनी पण तोंड बारीक केलं, माणूस चांगला आहे, त्यांच्या हातात काय आहे. टॅक्स ऑडिटची तारीख वाढली होती, 31 ऑक्टोबर केली, पुढं परत 10 नोव्हेंबर केली, त्यात पुराचा पण उल्लेख होता. एजीएमची वाढली नाही. ऑक्टोबरमध्ये जे परिपत्रक आलं त्यात फॉर्म भरायला 31 डिसेंबरपर्यंत सूट दिली, नंतर 31 जानेवारी केली, पण त्यातच स्पष्ट लिहिलेलं की एजीएमची मुदत वाढवलेली नाही. एजीएम चुकली तर 1 लाखापर्यंत दंड, वर रोजचे 5 हजारांपर्यंत. म्हणजे फॉर्म भरायला तीन महिन्यांपर्यंत सूट आणि ज्या दिवशी घरात गुडघाभर चिखल त्या दिवशी सभा घ्याच. घेतली. 30 तारखेला दुपारी, गावातल्या जुन्या घरात, लाइट नाही, मी, बायको, भाऊ. बायकोच्या हाताला फिनाइलचा वास, भावाची पँट मांडीपर्यंत चिखलानं कडक झालेली, आणि मी वाचून दाखवतोय की पाण्याच्या टंचाईच्या वर्षात आपला नफा घटला. बाहेर सगळीकडं पाणीच पाणी. भाऊ मधीच उठून गेला, दारात उभा राहिला पाठ करून. दहा मिनिटांनी आला आणि सही केली.

वर्ष संपल्यावर पण सहीच्या आधी काही मोठं घडलं तर ते अहवालात सांगावं लागतं, म्हणून पुराबद्दल पण लिहून दिलं. दोन ओळी छापल्या. 'नैसर्गिक आपत्तीमुळे काही मालमत्तेचे नुकसान, परिणामाचे मूल्यमापन सुरू.'

एवढं करून पोर्टलवर काय, तर सही केलेला अख्खा अहवाल पीडीएफ करून जोडायचा, आणि त्यातलंच सगळं परत रकान्या-रकान्यात टाईप करायचं. 2025 च्या जुलैपासून नवीन फॉर्म आलेत, ऑडिट रिपोर्टचा उतारा वेगळा, बोर्ड रिपोर्टचा उतारा वेगळा. मग डाउनलोड करा, सही लावा, परत चढवा. तोच आकडा मी आयकराला दिला, बँकेला सीसी म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या रिन्यूवलला त्यांच्या नमुन्यात दिला, इथं तिसऱ्यांदा दिला. पॅन एकच, कंपनी एकच, आकडा एकच. तुमचे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीत ह्याचा भुर्दंड माझी बायको रात्री बाराला जागून का भरते?

हिशोब नकोच असं मी म्हणत नाही, गैरसमज नको. अण्णांचं किराणाचं दुकान होतं, चाळीस वर्षं लाल वही. रोज रात्री दिवा लावून लिहायचे, आणि त्यात आकड्याच्या शेजारी लिहिलेलं असायचं, 'पाऊस नाही, उधारी वाढली', 'अमक्याच्या मुलीचं लग्न, तेल साखर उधार, मागू नये.' ती वही वाचली की ते वर्ष डोळ्यासमोर उभं राहतं. माझ्याकडं सात वर्षांचे ताळेबंद आहेत, जाड कागदावर, स्पायरल बाइंडिंग केलेले, प्रत्येकाचे ऑडिटला पैसे मोजलेत, आणि त्यात माझं एकही वर्ष सापडत नाही मला.

आता सकाळचा फोन. विम्याच्या क्लेमचा माणूस. चार महिने झाले क्लेम पडलाय, कागद द्या कागद द्या, बिलं तर भिजून लगदा झालेली, मोठ्या पुलाचा पंप 2019 च्या एप्रिलमध्ये 2 लाखाला घेतलेला, आज तसाच घ्यायला 2 लाख 80 हजाराचं कोटेशन आहे. साहेब म्हणतात, तुमच्याच ऑडिट झालेल्या ताळेबंदाच्या मालमत्ता यादीत पंपाची किंमत 60 हजार दाखवलीय, मग 2 लाख 80 कसे मागता? मी म्हणलं साहेब ती घसारा कापून राहिलेली किंमत आहे, कंपनी कायद्याप्रमाणं पंधरा वर्षं आयुष्य धरून दरवर्षी राहिलेल्या किमतीच्या 18.10 टक्के कापतो, आयकरात 15 टक्के कापतात तर तिथं तोच पंप 75 हजाराचा आहे, मी कुठली बाजारातली किंमत लिहिलेली नाही, 60 हजारात मला पंपाचं झाकण येणार नाही. ते म्हणले, 'ते काही असो, खाली सही तुमचीच आहे ना?'

हो, माझीच आहे. 30 सप्टेंबरला दुपारी केलेली, चिखलाच्या बोटाचा डाग आहे तिच्या शेजारी, तो पण स्कॅनमध्ये आलाय.

दीड महिन्यानं सीझन सुरू होतो. मोठा पूल अजून गाळानं अर्धा भरलेला आहे आणि पंप संभाजीनगरला दुकानात खोलून पडलाय.