पर्ड्यूची पोरं ‘कच खातात’ म्हणे!

मार्च उजाडला की तो मेसेज पुन्हा फिरायला लागतो. तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. थोडक्यात असा: अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीममध्ये सात फूट चार इंचाचा राक्षस होता. समोर होती एक बुटकी, कुणाला माहीत नसलेली टीम. बुटके जिंकले, कारण त्यांच्यात जिगर होती. राक्षस दडपणाखाली कोसळला. पर्ड्यूचं हे दरवर्षीचंच आहे, त्यांच्यावर जुना शाप आहे, कोच बिनकामाचा आहे, शंभर वर्षांत एक कप नाही. हुशार इंजिनिअरांचं कॉलेज, पण ऐन वेळी कच खाणारं. बास्केटबॉलमधली दक्षिण आफ्रिकाच. तेव्हा मुलांनो, नुसती हुशारी कामाची नाही, काळीज लागतं.

माझी भाची तिथेच, इंडियानातल्या वेस्ट लाफायेतला, मेकॅनिकलमध्ये एम.एस. करते आहे. सेमिस्टर ऐन रंगात असताना ताईने तिला हा मेसेज पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, तुमच्या कॉलेजसारखं करू नकोस.” ताईच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पोरीला लागायचं ते लागलंच. आईला ती काही बोलली नाही, मला फोन करून बोलली. ती तिकडे गेल्यापासून मी पहाटे उठून त्या टीमच्या मॅच बघते, त्यामुळे हे उत्तर मीच लिहिते आहे. ज्यांनी मेसेज पुढे ढकलला त्यांनी निदान एवढं वाचावं.

सगळ्यात आधी तो ‘कोसळलेला राक्षस’, कारण मेसेजमधलं सगळ्यात खोटं आणि सगळ्यात दुष्ट वाक्य तेच आहे.

मुलाचं नाव झॅक ईडी. टोरांटोचा. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलला हात लावला तो दहावीत. मॅच १७ मार्च २०२३ची, ओहायोतल्या कोलंबसला. स्पर्धा दर मार्चमधली, अमेरिकेतले कॉलेजचे खेळ चालवणाऱ्या एनसीएए या संघटनेची. स्पर्धेत चार गट असतात आणि प्रत्येक गटात टीमना एक ते सोळा मानांकनं देतात. पर्ड्यूला पहिलं मानांकन, समोरच्या फेअरली डिकिन्सन विद्यापीठाला सोळावं. निकाल ६३-५८, पर्ड्यू हरलं. आता त्या मॅचचं अधिकृत स्कोअरकार्ड उघडा. एनसीएएच्या नोंदीत आहे, कुणालाही बघता येतं. ईडीच्या नावावर २१ गुण आणि १५ रिबाउंड, म्हणजे शॉट चुकून उसळलेला बॉल पकडणं, आहेत. दडपणाखाली कोसळलेल्या माणसाचे आकडे असे असतात का? त्याच कागदावर आणखी एक ओळ आहे, ती मेसेज लिहिणाऱ्याने वाचलेलीच नाही. पर्ड्यूने लांबून, तीन गुणांच्या रेषेबाहेरून, २६ वेळा बॉल मारला आणि ५ वेळा आत गेला. मॅच तिथे गेली.

आणि शेवटची सुमारे नऊ मिनिटं ईडीने बास्केटवर एकही शॉट घेतला नाही, हेही खरं आहे. ‘घाबरला’ म्हणणारे यावरच बोट ठेवतात. पण त्या नऊ मिनिटांत समोरचे काय करत होते ते बघा. ईडीच्या पुढे एक जण उभा, पाठीला दुसरा चिकटलेला. बॉल त्याच्याकडे उंचावरून टाकायचा तर टाकणाऱ्याच्याच अंगावर कुणीतरी धावून आलेलं. फेअरली डिकिन्सनची पोरं पूर्ण कोर्टभर प्रेस करत होती, म्हणजे बॉल पर्ड्यूच्या हातात आल्या क्षणापासून मागे लागलेली. आत बॉलच पोहोचत नसेल तर सात फूट चार इंचांचं करायचं काय? बाहेरचे मोकळे होते, त्यांचे शॉट लागले असते तर आतली गर्दी आपोआप पांगली असती. ते लागले नाहीत. याला डावपेच म्हणतात, आणि ते फेअरली डिकिन्सनने उत्तम खेळले.

हा मेसेज जिंकणाऱ्यांचाही अपमान करतो, याचा मला तितकाच राग येतो. ‘बुटके पण जिगरबाज’ म्हणून त्यांना बोळवलंय. ती डिव्हिजन वनमधली, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या स्तरातली, उंचीने सगळ्यात लहान टीम होती, हे बरोबर. आदल्या हंगामात त्यांचा हिशेब ४ विजय, २२ पराभव असा होता, हेही बरोबर. पण मग टोबिन अँडरसन नावाचे कोच आले. ते येताना डिव्हिजन टूमधल्या आपल्या जुन्या कॉलेजचे गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेणारे खेळाडू, बरोबर घेऊन आले. डिमीटर रॉबर्ट्स पाच फूट आठ, ग्रँट सिंगल्टन पाच फूट नऊ. कॉलेज बास्केटबॉलमध्ये वर्षानुवर्षं मुरलेली ही पोरं. त्यांच्यासमोर पर्ड्यूचे दोन गार्ड, ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघेही कॉलेजच्या पहिल्या वर्षातले. कोर्टभर प्रेस झेलायची वेळ या दोघांवर आली. पर्ड्यूने त्या दिवशी १६ वेळा बॉल घालवला. अनुभवी हातांनी नवख्या हातांतून बॉल काढून घेतला, यात काळजाचा प्रश्न आला कुठे?

दुसरा मुद्दा, ‘ऐन वेळी कच खातात’. यासाठी मेसेजात २०१९ची व्हर्जिनियाविरुद्धची मॅच दिली आहे. ती ज्याने पाहिली तो असं लिहूच शकत नाही.

लुइव्हिलला, ३० मार्चला, शेवटच्या आठातली मॅच. जिंकणारा फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारात. पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स त्या रात्री ४२ गुण करून गेला, त्यात दहा थ्री-पॉइंटर. शेवटचे ५.९ सेकंद उरलेत, पर्ड्यू ७०-६७ ने पुढे, आणि व्हर्जिनियाचा टाय जेरोम फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या, रेषेवर. पहिला आत. दुसरा चुकला. वर उसळलेल्या बॉलला मामादी डियाकिटेने गर्दीतून नुसती टपली मारली. बॉल कुणाच्याच हाती न लागता मागे, थेट व्हर्जिनियाच्या अर्ध्या कोर्टात घरंगळत गेला. मागे किहेई क्लार्क धावला. त्याने बॉल उचलला, मागेपुढे न बघता समोर मोकळ्या दिसलेल्या डियाकिटेकडे लांबलचक पास फेकला. डियाकिटेने बॉल हातात क्षणभरही थांबवला नाही, आला तसा वर सोडला. बझर वाजला तेव्हा बॉल हवेत होता. आत गेला. ७०-७०. जादा वेळेत व्हर्जिनिया ८०-७५ ने जिंकलं.

यात पर्ड्यूच्या कुठल्या पोराने कच खाल्ली ते मला कुणीतरी दाखवावं. रिबाउंड धरायला हवा होता, मान्य. त्याआधी पर्ड्यूचाही एक फ्री थ्रो चुकला होता, तोही धरा. पण तो रिबाउंड हातात न येता चाळीस फूट मागे जावा, तिथून पास यावा आणि बझरवर शॉट पडावा, हे सगळं समोरच्याने केलेलं आहे. त्याचं श्रेय त्यांना द्या ना. हीच व्हर्जिनियाची टीम आदल्या वर्षी, २०१८ला, सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसी या विद्यापीठाकडून ७४-५४ अशी वीस गुणांनी हरली होती. पहिल्या मानांकनाची टीम सोळाव्याकडून हरण्याची पुरुषांच्या स्पर्धेतली ती पहिलीच वेळ. तेव्हा तेही ‘कच खाणारे’ होते. पर्ड्यूला हरवल्यावर नऊच दिवसांत ते राष्ट्रीय विजेते झाले.

‘दरवर्षीचंच’ या शब्दाचं गणित कुणी केलेलं दिसत नाही. ६८ टीमची ही स्पर्धा आहे. एक मॅच हरलात की घरी. बेस्ट ऑफ सेव्हन नाही, साखळी नाही. कप हवा तर सलग सहा मॅच जिंकायच्या. समजा एखादी टीम इतकी दणकट आहे की प्रत्येक मॅच जिंकण्याची तिची शक्यता ८० टक्के आहे. सहा वेळा ०.८ चा गुणाकार करा, सव्वीस टक्के येतात. म्हणजे एवढी दणकट टीमसुद्धा चारपैकी तीन वर्षं रडतच घरी येणार. शिवाय पहिली मानांकनं चार जणांना देतात आणि कप एकालाच मिळतो, त्यामुळे दरवर्षी किमान तिघांचा हंगाम पराभवानेच संपतो. त्या तिघांची काळजं मोजत कुणी बसत नाही.

आता जे खरं आहे ते नाइलाजाने मान्य करते. २०२१ला तेराव्या मानांकनाच्या नॉर्थ टेक्ससकडून जादा वेळेत, २०२२ला पंधराव्या मानांकनाच्या सेंट पीटर्सकडून ६७-६४, आणि २०२३ला सोळाव्याकडून. तीन वर्षं ओळीने असं हरणं हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. त्याआधी २०१६ला लिटल रॉकविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांत हातातली दोन अंकी आघाडी घालवून दुसऱ्या जादा वेळेत हरले, तेही आहेच. कोच मॅट पेंटर यांच्या टीमची उंच सेंटरभोवती, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या खेळाडूभोवती, फिरणारी रचना आणि चपळ, प्रेस करणाऱ्या टीमसमोर होणारी तिची अडचण, यावर टीका व्हायलाच हवी, आणि पर्ड्यूचेच चाहते ती सगळ्यात कडक शब्दांत करतात. पण ही टीका खेळाची आहे. ‘या पोरांत दम नाही’ हे वाक्य त्यातून निघत नाही.

शापाबद्दल फार लिहीत नाही. १९६९च्या फायनलमध्ये पर्ड्यूला ९२-७२ ने हरवणाऱ्या यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाचे कोच जॉन वुडन हे स्वतः पर्ड्यूचे माजी खेळाडू, एवढ्यावर ही कथा उभी आहे. वुडन यांनी त्या काळात सगळ्यांनाच हरवलं. १९६४ ते १९७५ मध्ये दहा विजेतेपदं घेतली. मग शाप अख्ख्या अमेरिकेलाच लागला म्हणायचा.

‘शंभर वर्षांत एक कप नाही’ हे अर्धसत्य. एनसीएए स्पर्धेचं विजेतेपद नाही, खरं आहे. पण ती स्पर्धाच १९३९ला सुरू झाली. १९३२ची पर्ड्यूची टीम, ज्यात हेच वुडन खेळत होते, नंतर त्या वर्षीची राष्ट्रीय विजेती म्हणून गौरवली गेली. आणि बिग टेन या त्यांच्या स्वतःच्या लीगमध्ये नियमित हंगामाची सर्वाधिक विजेतेपदं पर्ड्यूचीच आहेत. दक्षिण आफ्रिकेची उपमा देणाऱ्यांनी जून २०२५ मध्ये लॉर्ड्सवर काय झालं ते बघितलं नसावं. त्या टीमने ऑस्ट्रेलियाला हरवून कसोटीचं जगज्जेतेपद घेतलं.

‘हुशारी कामाची नाही’ हे वाक्य भाचीला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून त्यावर थोडं. २०१८ला पर्ड्यूचा सेंटर होता आयझॅक हास, सात फूट दोन इंच. पहिल्याच मॅचमध्ये पडला आणि उजवं कोपर मोडलं. त्याने बांधायला घेतलेल्या पट्ट्याला अधिकाऱ्यांनी परवानगी दिली नाही. तेव्हा पर्ड्यूचेच मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे विद्यार्थी त्याच्यासाठी नियमात बसेल असा ब्रेस, म्हणजे कोपराला आधार देणारा पट्टा, बनवायला बसले. आपल्या टीमचा एक मुलगा खेळावा म्हणून वर्कशॉपमध्ये हातातलं काम टाकून बसलेली ती पोरं होती, माझ्या भाचीच्याच विभागातली. हास त्यानंतर खेळू शकला नाही आणि टीम टेक्सस टेककडून हरली. २०१०लाही असंच. पर्ड्यूच्याच रॉबी हमेलच्या गुडघ्याचा लिगामेंट ऐन फेब्रुवारीत फाटला आणि चांगला चाललेला हंगाम हातचा गेला. मोडलेल्या हाडाला आणि फाटलेल्या लिगामेंटलाही ‘कच खाणं’ म्हणायचं का?

शेवटी ते, जे मेसेजमध्ये नाहीच. मेसेज २०२३ला थांबतो. त्या पराभवानंतर ईडीला एनबीएची, म्हणजे व्यावसायिक लीगची, वाट धरता आली असती. तो परत आला. स्मिथ आणि लॉयर परत आले. वर्षभर ज्या ज्या कोर्टवर गेले तिथे समोरच्या प्रेक्षकांनी त्यांना फेअरली डिकिन्सनची आठवण करून दिली. २०२४च्या मार्चमध्ये पुन्हा पहिलं मानांकन, पुन्हा सोळाव्यासमोर पहिली मॅच. ग्रॅम्बलिंगला ७८-५० ने हरवलं. मग युटा स्टेट, मग गोन्झागा. डेट्रॉइटला टेनेसीविरुद्ध ईडीने ४० गुण आणि १६ रिबाउंड केले आणि पर्ड्यू १९८०नंतर पहिल्यांदा फायनल फोरमध्ये गेलं. तिथे एनसी स्टेटला ६३-५० ने मागे टाकलं. ८ एप्रिलला फायनलमध्ये कनेटिकटकडून ७५-६० हरले. त्या कनेटिकटने त्या वर्षी स्पर्धेतल्या सहाही मॅच १४ किंवा जास्त गुणांनी जिंकल्या होत्या. ईडीचे त्या रात्री ३७ गुण होते, पर्ड्यूच्या ६० पैकी. सलग दोन वर्षं तो देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, असं राल्फ सॅम्पसननंतर, म्हणजे ऐंशीच्या दशकानंतर, पहिल्यांदाच घडलं.

२०२५ला ईडी नव्हता. स्मिथ आणि लॉयर होतेच. इंडियानापोलिसला ह्यूस्टनसमोर शेवटच्या सेकंदापर्यंत ६०-६० टिकवलं आणि ०.९ सेकंद उरलेले असताना एका लेअपवर, म्हणजे बास्केटजवळून टाकलेल्या शॉटवर, ६२-६० हरले. ती मॅच मी आणि भाची फोनवर एकत्र पाहत होतो. तिने ताईला आता या मॅचची लिंक पाठवली आहे, मेसेजच्या उत्तरात, खाली एकही शब्द न लिहिता.