फिनाले बंद झालं, पण ते पहिलं नव्हतं

‘स्टाफ नोटेशनचं जगातलं पहिलं सॉफ्टवेअर फिनाले बंद’ असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो आहे. स्टाफ नोटेशन म्हणजे पाच रेघांवर संगीत लिहायची पाश्चात्त्य पद्धत. बंद होण्याची बातमी खरी. फिनाले बनवणाऱ्या मेकम्युझिक कंपनीनेच ऑगस्ट २०२४मध्ये तसं जाहीर केलं. ‘पहिलं’ मात्र साफ चुकीचं.

फिनाले आलं १९८८ साली. स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार-प्राध्यापक लेलँड स्मिथ १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ‘स्कोअर’ नावाचा प्रोग्राम लिहीत होते, तोही मेनफ्रेम या मोठ्या संगणकावर, छपाई प्लॉटरने, म्हणजे पेनाने रेघा ओढणाऱ्या यंत्राने. माऊसने सूर ठेवायची सोय कुठली! आधी सगळे सूर अक्षरांत टाइप करायचे, दुसऱ्या फेरीत प्रत्येक सुराची लांबी, मग खुणा, बीम (सुरांना जोडणाऱ्या जाड रेघा) आणि शेवटी स्लर (सूर सलग वाजवायचे हे दाखवणाऱ्या कमानी). डोकेदुखीच, पण पान असं देखणं निघायचं की पुढे पीसीवर आल्यावर नामांकित प्रकाशकांनी तेच धरलं.

१९८०च्या सुमारास झेरॉक्स कंपनीच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात ‘मॉकिंगबर्ड’ तयार झालं. त्यात पियानोसारख्या कीबोर्डवर वाजवलेलं पडद्यावर उमटायचं. ते बाजारात आलंच नाही. मॅकिंटॉशवरचं ‘प्रोफेशनल कंपोझर’ही फिनालेच्या आधीचं.

फिनालेच्या जुन्या फाइली असतील तर म्युझिकएक्सएमएल या सामाईक फाइल-प्रकारात काढून ठेवा, इतर नोटेशन सॉफ्टवेअर तशा फाइली उघडतात.