रखडलेल्या कामांचं खापर खारफुटीवर

गणपती जवळ आले की कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. आशय असा: मुंबई-गोवा महामार्ग पर्यावरणवाल्यांमुळे रखडला, रेल्वेचा दुसरा मार्ग असो, एसटी स्टँड असो की जेटी, सगळ्याला दिल्लीची पर्यावरण मंजुरी लागते, तिच्यात वर्षं जातात, ती अट काढा, पाच वर्षांत कोकणाचा कॅलिफोर्निया होतो की नाही बघा. खाली 'प्रत्येक कोकणी माणसापर्यंत पोचवा'.

चौदा तास गाडीत अडकलेला माणूस हे चिडून पुढे ढकलणारच. पण राग भलत्याच दारात नेऊन सोडलाय.

आधी रेल्वे. कोणत्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी हवी, याची यादी २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत आहे आणि त्या यादीत रेल्वेमार्ग नाहीतच. वनजमीन लागली तर वन खात्याची परवानगी, खाडीकाठी काम असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची, एवढंच. रोहा ते वीर दुपदरीकरण २०२१ मध्ये झालं. वीरच्या पुढे गाडं अडलंय ते बोगदे, पूल आणि त्यांना लागणाऱ्या पैशापाशी. एसटी स्टँडचं तर बोलायलाच नको. वीस हजार चौरस मीटरच्या आतल्या बांधकामाला ही मंजुरी लागत नाही. चिपळूणचं नवं स्टँड वर्षानुवर्षं ठेकेदारीच्या घोळात पडून राहिलं, तिथे कुठली खारफुटी आडवी आली?

महामार्गाबाबत मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे. कर्नाळा अभयारण्याच्या पट्ट्यात परवानगीला वेळ गेला, हे खरं. पण कर्नाळा पनवेलला लागून आहे. त्याच्या खाली सिंधुदुर्गापर्यंतचा रस्ता कुणी अडवला? परशुराम घाट जमिनीच्या मोबदल्याच्या वादात अडकला. चिपळूणला बहादूरशेख नाक्यावरचा उड्डाणपूल १६ ऑक्टोबर २०२३ ला बांधता बांधताच कोसळला. आणि असलेला महामार्ग रुंद करायला १०० किलोमीटरपेक्षा जास्त लांबी आणि ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त जमीन लागली तरच मंजुरी हवी, अशी सूट २०१३ सालीच मिळाली आहे.

आता उलटं उदाहरण घ्या. महाडजवळचा सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसट्यांसकट वाहून गेला. नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. देश तोच, कायदेही तेच, फक्त तेव्हा सगळ्यांचे डोळे तिकडे लागले होते. आणि अलिबाग-उरणला जोडणारा खाडीवरचा रेवस-करंजा पूल? तो अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासून, म्हणजे १९८०च्या सुमारापासून ऐकतोय. सीआरझेड आलं १९९१ ला. मधली दहा वर्षं कुणाची परवानगी हवी होती?

'मंजुरीत वर्षं जातात' हा पुढचा दावा. प्रकल्पाच्या पर्यावरणावरील परिणामांचा अंतिम अहवाल हाती आल्यावर १०५ दिवसांत निर्णय द्यायचा, असं अधिसूचनाच सांगते. वेळ बऱ्याचदा त्याआधी जातो, अर्धवट अर्ज आणि त्रुटींच्या पत्रव्यवहारात.

माझी तक्रार वेगळीच आहे. या अहवालांसाठी एका हंगामाची मोजमापं चालतात, तीही सहसा पावसाळा सोडून! वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात डोंगर तपासायचा तो मार्चमध्ये. वरचा जांभा पाणी पितो, खालची चिकण माती ते धरून ठेवते आणि सरळसोट कापलेली दरड जून-जुलैत खाली येते. कोकण रेल्वेने हा धडा फार महागात घेतला. २२ जून २००३ ला वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीने पन्नासच्या वर माणसं नेली, पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. मग उतार कमी करणं, जाळ्या, गस्त, पावसाळी वेळापत्रक. २२ जुलै २०२१ ला चिपळूणचं एसटी आगार बुडालं, तेव्हा कर्मचारी आगाराची रोकड घेऊन गाडीच्या टपावर बसून राहिले. पाणी कुठून येईल, कुठे जाईल, हे आधी विचारणं म्हणजे खोडा घालणं कसं?

जेटीवर मात्र मी मेसेजवाल्यांच्या बाजूने आहे. प्रवासी जेटीच्या वाटेत खारफुटी आली, की सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण, वन खातं आणि २०१८ च्या निकालामुळे उच्च न्यायालय (खारफुटी तोडायला त्याचीही परवानगी लागते), अशा तीन पायऱ्या चढाव्या लागतात.  चार खांबांच्या धक्क्याला एवढी वारी कशाला? छोट्या प्रवासी जेटींना एकच अर्ज ठेवा, सगळ्या खात्यांनी एकत्र जागा बघावी आणि न्यायालयात जाताना खारफुटीचा नकाशा पहिल्याच दिवशी जोडावा. यासाठी कायदा मोडीत काढावा लागत नाही.

मंजुरीआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकणाऱ्या जनसुनावणीला मात्र कात्री नको. सध्या मराठीत मिळतो तो नुसता सारांश, जाडजूड अहवाल इंग्रजीत. तो अख्खा मराठीत द्या आणि पावसाळ्यातली पाहणीही त्यात घाला. कुठला पऱ्ह्या (पावसाळी ओहोळ) आषाढात कुठून फुटतो, हे सुनावणीला आलेल्या गावकऱ्याला सल्लागार कंपनीपेक्षा जास्त ठाऊक असतं.